गोकर्णाला जायची गाडी

ते साल एकोणीसशे ब्याऐंशीचं. त्या साली श्रावणात लातूरचा जिल्हा झाला आणि त्याच साली पाऊस मधेच पाठ फिरवून निघून गेला. लोक ते साल ह्या दोन गोष्टींनी ओळखतात. मी ओळखते ते नडगीवर बसलेल्या एका फटक्यानं. फारूकभाईंच्या अंगणात मी बुलेटच्या किकवर पाय ठेवला, सगळं अंग त्यावर टाकलं, आणि किक खाली जायच्या ऐवजी उलटी येऊन माझ्या नडगीवर आदळली. डोळ्यांपुढं क्षणभर पांढरं झालं. कानात भुंग्यासारखं काहीतरी वाजलं. फारूकभाईंची बायको बिलकीस ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती, ती सूप बाजूला ठेवून हसत सुटली. "अय्यो भाभी! मोटार है वो, सासू नहीं. डर डर के लात मारे तो उलटी देगीच ना!" मीही हसले. हसताना पाय दाबून धरला होता. अजूनही हिवाळ्यात ती जागा दुखते, आणि दुखली की पहिल्यांदा आठवतं ते ते हसणं. बाकीचं त्याच्या मागून येतं, एकेक करून, कुणी बोलावल्याशिवाय.

माझं माहेर निलंग्याच्या पुढं, जिथं मराठी संपून कानडी कधी सुरू होते ते कळत नाही अशा गावातलं. लातुरात दिलं ते ईश्वरप्पांना. गंजगोलाईच्या, म्हणजे गोल बाजारपेठेच्या, मागच्या गल्लीत आमचं घर आणि पुढं बारदानाचं दुकान, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं. माल येणार दुसऱ्यांचा, भरणार दुसरे, आमचं ते नुसतं रिकामं. हे गमतीनं म्हणायचे, "आपुन हवा विकतो, शिवकन्या. वरून तागाचा सदरा घालून." त्या साली ती हवाही कुणी विकत घेईना. मूग गेला, उडीद गेला, ज्वारीची पेरणीच नाही. आडतीत धान्य नाही तर पोती कशाला लागतात? दुकानात पोत्यांची थप्पी छताला टेकली होती आणि आत शिरलं की तागाचा कोरडा वास नाकात भरायचा, पाणी पिऊनही जाणार नाही असा. बाहेर घागरींच्या रांगा, टँकरमागं धावणाऱ्या बाया, आणि त्यांच्याच डोक्यावरून नव्या जिल्ह्याच्या कमानी. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून रंगारी लातूर लिहीत होते. एखाद्या पाटीवर खालची अक्षरं वरच्या अक्षरांतून डोकावायची. मी बाजारात जाताना ती वाचत जायची. मूलबाळ नव्हतं, वाचायला, बघायला वेळ पुष्कळ होता.

अशा साली ह्यांनी गोकर्णाचं काढलं. लग्न नवं होतं तेव्हा म्हणाले होते, तुला समुद्र दाखवीन. का म्हणाले होते, तर माझ्या आईमुळं. माझी आई पार्वतम्मा लहान असताना एकदा गोकर्णाला जाऊन आली होती, आणि जन्मभर तिच्याजवळ सांगायला तेवढंच होतं. ती हात पसरून म्हणायची, "नीरु, नीरु, बरी नीरु." मला कानडी कळायचं, पण घरातल्यापुरतं. मला वाटायचं बरी म्हणजे बरं, चांगलं. गोकर्णाला चांगलं पाणी असतं, गोड असेल. लग्नानंतर हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे इतके हसले की सासूबाई आतून आल्या. "अगं येडे, बरी म्हणजे नुसतं. नुसतं पाणी. दुसरं काहीच न्हाई." मग हसू थांबवून म्हणाले, "चल, एकदा बघूनच येऊ कसं हाय ते." त्याला बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती. मी विसरले नव्हते, पण मागितलंही नव्हतं. आणि त्या दुष्काळी सालात, दुकानात बसून माशा मारताना, ह्यांनी एक दिवस जेवता जेवता म्हटलं, "दिवाळी झाली की निघू. दोघंच. मोटारसायकलवर. सोलापूर, विजापूर, मधी कूडलसंगमाला मुक्काम, हुबळी, आन खाली उतरलं की समुद्र." माझी तव्यावरची भाकरी करपली. मोटारसायकलवर! आमच्याकडं होती एक सायकल, तीही फारूकभाईंच्या दुकानातून जुनी घेतलेली.

फारूकभाईंचं सायकलचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून. ह्यांची आणि त्यांची दोस्ती शाळेतली. गाडी शोधायचं काम दोघांनी मिळून अंगावर घेतलं आणि महिनाभरात गाड्या दोन झाल्या. एक बुलेट, बदली होऊन उस्मानाबादला चाललेल्या एका इंजिनिअरांची. काळी, जड, बसायला मागं पलंगासारखी रुंद गादी. दुसरी राजदूत. ती नांदेडला, विष्णुपुरीच्या धरणावर मुकादमी करणाऱ्या नरसिंगची, जो ह्यांच्याबरोबर शिकलेला. तिला पुढं एकट्याची गादी आणि मागं लोखंडी कॅरिअर, त्याच्यावर तो बांधकामाचं सामान बांधून फिरायचा. हलकी, अंगानं किडकिडीत. मी दोन्ही पाहिल्या आणि माझ्या मनानं तिथंच निकाल लावला. बुलेटवर दोघं जातील, राजदूतवर एक माणूस जाईल. ह्यात बघायचं काय? पण हे बघतच राहिले. बुलेट फारूकभाईंच्या अंगणात आणून लावली होती, इंजिनिअर म्हणाले होते चालवून बघा, ठरवा. हे रोज तिच्याभोवती फिरायचे, हात फिरवायचे, किकवर पाय ठेवायचे आणि काढायचे. मग एसटी धरून नांदेडला जायचे, राजदूत बघून यायचे. येताना चेहरा असा की जाताना काय विचार करून गेलो तेच विसरलो. गल्लीत चेष्टा सुरू झाली. पानवाला विचारायचा, "अप्पा, ठरलं का? का दोन्ही पायात दोन गाड्या घालून जायलाव?" हे म्हणायचे, "पोरगी बघायलो होतो तवाबी येवढा टाइम लागला न्हवता." ते खरं होतं. मला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन होण्याआधीच हो म्हणून मोकळे झाले होते.

मी एकदा सरळ विचारलं, "अहो, बुलेटला काय वाईट आहे?" हे म्हणाले, "किक." म्हणाले, "कंबर धरलीय माझी. ती किक मारायची म्हंजी येक जवान माणूस पायजे." कंबर मागल्या वर्षापासून धरली होती खरी. तेव्हापासून दुकानात ह्यांनी पोत्याची गाठ उचलणं बंद केलं होतं, हमालाला हाक मारायचे. मी म्हटलं, "मग मी मारते किक." मी ते गमतीनं म्हटलं होतं. पण बोलून झाल्यावर दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग ह्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. वरचा एक दात जरा पुढं होता, तो आधी दिसायचा आणि मग हसू. "मारशील?" "का नाही? तुम्ही बसा हातात दांडा धरून, मी किक मारते आणि मागं चढते." सासूबाईंनी ऐकलं. गुरम्मा म्हणजे सगळ्या गोलाईला ठाऊक असलेली तोंडाची फटकळ बाई. "काय म्हनलीस? किक? येनव्वा, कलेक्टर व्हायलीस का काय तू, नवा जिल्हा झालाय म्हनून? लोक घागरी घेऊन उनात हुबे हायत आन आमची सून समुद्र बघाया निघाली, फटफटीला लाता घालत!" हे म्हणाले, "अव्वा, समुद्रातून येताना घागर भरून आणू." त्या म्हणाल्या, "खारट आसतंय ते. तुझ्या बोलण्यावानी." आणि आत जाऊन हसल्या. मला ऐकू आलं.

तर दुपारची जेवणं झाली, गल्ली आडवी झाली की मी बिलकीसच्या अंगणात जायची. पदर खोचायचा, निऱ्या वर ओढून घ्यायच्या. फारूकभाईंनी एकदा दाखवलं आणि लाजून दुकानात निघून गेले. पुढचं बिलकीसनं ओट्यावरून शिकवलं, जिनं स्वतः कधी सायकलही चालवली नव्हती. "इत्ता नक्को सोचो. देवाचं नाव घ्या आन मारा!" तिची भाषा अशीच, मराठीत सुरू होऊन दखनीत उतरायची. फटका बसला त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्या दिवशीही. मला कळायला लागलं की किक जोरानं मारायची नसते, आधी हळू दाबत न्यायची, कुठंतरी आत ती अडते, ती अडण्याची जागा पायाला कळली पाहिजे. ती कळली की मग सोडायचं नाही. आणि एका दुपारी ती कळली. धडधड करून गाडी जिवंत झाली, अंगणातली कोंबडी उडाली, बिलकीसच्या मांडीवरचं सूप सांडलं. माझ्या तळपायातून, गुडघ्यातून, पोटातून ती धडधड वर चढत गेली आणि मला रडू यायला लागलं, आनंदाचं. इतक्या मोठ्या गोष्टीला आपण जागं करू शकतो हे मला चौतिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. बिलकीस टाळ्या वाजवत म्हणाली, "बस्स! अब ईश्वरभैया का काम हो गया. उनो कुछ नहीं करना, खाली बैठना. परसों नांदेडका डाक्टर बी बोला ना, वजन नक्को, जोर नक्को."

मी गाडी बंद केली. परसों म्हणजे परवा. परवाच तर हे नांदेडला गेले होते, राजदूत बघायला. म्हणजे जाता जाता डॉक्टरला कंबर दाखवून आले. मला बरं वाटलं. मला न सांगता का होईना, स्वतःची काळजी घेतात. आणि डॉक्टरांनीही तेच सांगितलं जे आम्ही घरी ठरवलं होतं. मी बिलकीसला काही विचारलं नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी ह्यांना अंगणात नेलं आणि त्यांच्यादेखत पहिल्या किकला बुलेट चालू करून दाखवली. हे टाळी वाजवतील असं मला वाटलं होतं. हे पायरीवर बसले. फारूकभाई त्यांच्याकडं बघत होते, हे माझ्याकडं. "वा," म्हणाले. मग म्हणाले, "आन समज, ही आडवी झाली तर उचलशील?" मी म्हटलं, "तुम्ही कशाला आडवी पाडाल?" फारूकभाई एकदम उठून पाणी आणायला आत गेले.

त्या साली आश्विनाचाच अधिक महिना, दसरा लांबला. मी तोवर मनात बुलेट घेऊनच टाकली होती. चादरीची एक वळकटी शिवली होती, गादीच्या मागं बांधायला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे नांदेडला गेले, मला वाटलं नरसिंगला नको म्हणून सांगायला, आणि दसऱ्याला दुपारी, मी पाटावर हळदीकुंकू, झेंडू, नारळ मांडून बुलेटची वाट बघत असताना, गल्लीतून एक किरटा आवाज आला. राजदूत. तिच्यावर हे एकटे बसलेले. मागं ते लोखंडी कॅरिअर, तसंच. हे उतरले, घाम पुसला आणि म्हणाले, "कर पूजा." मी पूजा केली. हाताला सवय असते. हळद लागली, कुंकू लागलं, हार घातला. नारळ फोडताना मात्र ह्यांच्याकडं बघितलं आणि विचारलं, "मी कुठं बसू?" हे म्हणाले, "थांब की जरा. व्हईल." सासूबाई म्हणाल्या, "बस कॅरिअरवर, पेंडीच्या पोत्यावानी." सगळे हसले. हेही हसले. माझं मात्र काहीतरी आत जागेवरून हललं. किकची अडचण होती, ती मी सोडवली होती. डॉक्टर म्हणाले होते, तेही आम्ही पाळलं असतं. मग ही गाडी का? दुसरं कारण मला सापडेना, आणि एकच सापडलं ते असं, की ह्यांना एकट्यालाच जायचं आहे. माणसाला असंही वाटत असेल. तेरा वर्षं तीच गल्ली, तीच बायको, रिकामी पोती. मी भांडले नाही. संध्याकाळी सोनं वाटून आल्यावर म्हटलं, "तुम्ही एकटेच जाऊन या गोकर्णाला. मी आईकडं जाईन निलंग्याला." हे म्हणाले, "बघू." एवढंच. मग बुलेट परत गेली. ती गल्लीच्या तोंडाशी वळताना मी खिडकीत उभी होते आणि माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला.

पुढचा महिना कसा गेला ते मला नीट लावता येत नाही. जेवणं झाली, दिवाळी झाली, उटणं लावलं, सगळं झालं. बोलत होतो, पण बोलण्याच्या खाली एक रिकामी जागा होती आणि दोघंही तिच्याकडं न बघता तिच्या कडेनं चालत होतो. ह्यांनी एक नवीनच सुरू केलं. उन्हं कलली की मला राजदूतच्या कॅरिअरवर चादर घालून बसवायचे आणि औशाच्या रस्त्याला, जिथं वस्ती संपते तिथल्या मोकळ्या माळावर न्यायचे. "चालव." मी म्हटलं, कशाला? "चालव म्हनलो ना." मला वाटलं, समुद्र दाखवत नाहीत म्हणून हे खेळणं देत आहेत. पण गाडी हलकी होती, किक पोराच्या खेळण्यासारखी, आणि खरं सांगायचं तर मला आवडायचं. वारा कानाला लागायचा. करपलेला माळ, त्यावर एकही हिरवी काडी नाही, आणि त्याच्या मधून माझीच धूळ माझ्यामागं. मी सरळ दूरवर जायची, आणि हे एका दगडावर बसून हात करायचे, फिरव, फिरव. वळवताना मी पडायची. एकदा पडले तेव्हा धावत आले नाहीत, दगडावरूनच ओरडले, "उचल! तूच उचल!" मला राग आला. मी उचलली, उचलता आली. जवळ आल्यावर म्हणाले, "वळवून परत यायला शिक, शिवकन्या. जायला काय, कुणीबी जातंय." त्यांच्या कपाळावर घाम होता. वारा गार होता, आणि हे तर नुसते बसले होते.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी, दुपारी जेवायला आले नाहीत म्हणून मी दुकानात बघायला गेले. हे थप्पीला टेकून बसले होते, मान एका बाजूला. झोप लागली असेल म्हणून मी आधी दारातली चप्पल सरळ केली. मग हाक मारली. हात लावला तेव्हा तागाच्या पोत्यासारखाच तो हात कोरडा आणि गार होता. पुढचं लोकांनी केलं. आमच्यात, लिंगायतांत, जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही बसवून, मांडी घालून, हातात लिंग देऊन. स्वामी आले, विभूती लावली, खड्ड्यात बसवलं. मी काठावरून बघत होते आणि माझ्या मनात एकच येत होतं, की हे गेलं वर्षभर असेच तर झोपायचे. भिंतीला उशा लावून, बसून. पंखा नाही, आडवं झालं की कोंडतं, म्हणायचे. आता मातीतही बसूनच. आडवं व्हायला मिळालंच नाही. रडणाऱ्या बायांच्या आवाजात मला हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण सांगायची ती गोष्ट मी ज्यांना सांगितली असती तेच खाली बसलेले होते.

डॉक्टर म्हणाले हृदय. अचानक झालं, लोक म्हणाले. मीही तसंच म्हणत होते. महिना-दीड महिना झाला असेल, बिलकीस रोज दुपारी माझ्याजवळ येऊन बसायची, मला बोलायला लागू नये म्हणून स्वतः बोलत राहायची. एकदा पाण्यावरून बोलणं निघालं. म्हणाली, "ये तो कुच बी नहीं भाभी. परसों वो बडा काल पडा देखो, सुकडी खा खा के दिन काढे थे अपन." मी भिंतीकडं बघत होते. ते वाक्य माझ्या कानावरून गेलं आणि परत आलं. सुकडी. दुष्काळी कामांवर वाटायचे ती. म्हणजे तो दुष्काळ बहात्तरचा. दहा वर्षं झाली त्याला. मी म्हटलं, "बिलकीस, परसों म्हणजे कधी?" ती म्हणाली, "परसों बोले तो परसों. पीछे कभी. आपुन बोलते नहीं क्या?" हाव, त्यांच्यात बोलतात. मागल्या वर्षीचंही परसों आणि निजामाच्या काळातलंही परसों. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले आणि मी ते ऐकून ऐकून ऐकलंच नव्हतं. "आणि नांदेडचा डॉक्टर? जोर नक्को म्हणाला तो? तो कधी?" तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिच्या हातातली बांगडी फिरवायची थांबली. "वो तो देढ साल हुआ, रमजान के बी पहले. दिल कमजोर है बोला ना. हमारे इनेच लेके गए थे उनको." मग अगदी हळू म्हणाली, "भाभी, मेरे कू लगा तुमको मालूम है."

त्या दुपारी बिलकीस गेल्यावर मी एकटीच बसून ते सगळं दीड वर्ष मागं नेलं आणि पुन्हा पुढं आणलं. कंबर नव्हती. गोलाईतून चालताना हे मधेच थांबून पाट्या वाचायचे, त्या पाट्या नव्हत्या, तो श्वास होता. उदगीरला किल्ल्याच्या पायऱ्यांवर मला पुढं पाठवून खाली शेंगा खात बसले, तेही तेच. उशा. हमालाला हाका. बुलेटच्या किकवर पाय ठेवून काढून घेणं. प्रत्येक गोष्ट जागची तशीच होती, फक्त तिच्याखाली दुसरी अक्षरं निघत होती. आणि मला दुःख झालं त्याच्या आधी राग आला. फारूकभाईंना माहीत, बिलकीसला माहीत, नांदेडच्या डॉक्टरला माहीत, मला नाही. मी ओळखायला हवं होतं असं लोक नंतर कधी कधी सुचवायचे. मी ते कधी मानलं नाही. जो माणूस लपवायचंच ठरवतो आणि वर हसतो, त्याच्या शेजारी झोपूनही काही कळत नाही. माझा राग आजही पुरता गेलेला नाही. तो आहे म्हणून हे अजून माझ्याशी भांडायला घरात आहेत असं वाटतं.

फारूकभाईंना मी दुकानात गाठलं. ते एका चाकाच्या तारा ताणत होते. मी म्हटलं, "भाईजान, बुलेट का नाही घेतली?" ते कितीतरी वेळ चाक फिरवत राहिले. मग आत गेले आणि बारदानात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. ती उदगीरच्या सीटवाल्याकडं दसऱ्यालाच करायला दिलेली राजदूतची लांब गादी होती, दोघांची, मागचा भाग जास्त रुंद. सीटवाल्यानं उशीर केला, दिवाळीनंतर देतो म्हणाला, आणि ती आली तेव्हा हे नव्हते. फारूकभाईंना ती मला द्यायचा धीर झाला नव्हता. "भाभी," ते म्हणाले, "मी लई सांगितलो त्याला, न्हाई जायचं तर न्हाई. जायाचंच तर एसटीनं जा. म्हनला, दाखवीन म्हनलो ते असं एसटीत बसून न्हाई." चाकाला एक झटका दिला, ते फिरत राहिलं. "बुलेट त्याला आवडली होती. लई आवडली होती. पर म्हनला, फारूक, वाटंत माझं काही झालं, आन ती बुलेट तिच्या अंगावर पडली तर? कोण उचलंल? ही राजदूत ती एकटी उचलंल. ही तिला परत घिऊन यील." मी ती गादी उचलली. घरी आले आणि राजदूतजवळ उभी राहिले. दसऱ्याला मला वाटलं होतं, ही एकट्याची गाडी आहे. ते खोटं नव्हतं. दोन गाड्यांपुढं इतके दिवस ताटकळून ह्यांनी जी निवडली ती एकाच माणसाची होती. गोकर्णाहून एकटी परत येणारी जी होती, तिची. ह्यांनी माझ्याशिवाय जायचं ठरवलंय असं वाटून मी महिनाभर आत आत कुढत होते, आणि तो महिनाभर हा माणूस दगडावर बसून मला त्याच्याशिवाय यायला शिकवत होता.

पुढं सासूबाई दोन वर्षांनी गेल्या. शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण मी दारात राजदूत थांबवली की आतून विचारायच्या, "इस्वर आला का?" मी म्हणायची, "आले." नरसिंग धरणाचं काम संपल्यावर हदगावकडं शेतीला गेला, मग त्याचं काही कळलं नाही. ते इंजिनिअर आणि त्यांची बुलेट कुठं गेली, ठाऊक नाही. फारूकभाईंचं दुकान सायकली कमी झाल्या तसं लहान होत गेलं. शेवटची काही वर्षं ते नुसतेच दारात खुर्ची टाकून बसायचे, आणि एका हिवाळ्यात ती खुर्ची दिसली नाही. बारदानाचं दुकान मी चालवलं. तागाची पोती जाऊन प्लास्टिकची आली तरी चालवलं. नव्या गादीची राजदूत घेऊन मी आडतीत जायची, पदर खोचून. आधी लोक थांबून बघायचे, मग बघेनासे झाले. तिचे भाग मिळेनात तेव्हा भंगारात दिली. बिलकीस अजून आहे. लेकीकडं, फरीदाकडं, हैदराबादला असते, फोनवर विचारते, "परसों आए थे ना तुम?" आणि मी "कधी?" असं विचारत नाही.

गोकर्णाला मी गेले. राजदूतवर नाही, तिच्यावर माझा एवढा रस्ता झाला नसता, आणि झाला असता तरी मी नेली नसती. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला बिलकीसच म्हणाली, चलो भाभी, तुमचं ते राहून गेलंय. आम्ही दोघी एसटीनं गेलो, दोन ठिकाणी बदलून. देवळात दर्शन घेतलं. ती बाहेर चपला सांभाळत बसली. मग वाळूवर आलो. ती सलवार गुडघ्यापर्यंत धरून सरळ पाण्यात शिरली, लाट आली की ओरडायची, आणि ओरडून माझ्याकडं हात करायची. मी वाळूवर बसले होते. थोडा वेळ मी बघितलं. मग कधी फिरून बसले ते माझं मलाच कळलं नाही. "भाभी! इधर देखो ना, समुंदर इधर है!" ती मागून हाक मारत होती. मी हो म्हटलं, पण उठले नाही. पाठीमागं पाणी वाजत होतं, आणि मी समोरच्या रस्त्याकडं तोंड करून बसले होते. उतारावरून धुळीनं माखलेल्या मोटारसायकली येत होत्या, थांबत होत्या, आणि त्यांच्यावरून माणसं उतरत होती, दोघं दोघं.